परदेशी जाण्यापूर्वी

पुणे-सातारा महामार्गालगत भोर तालुक्यातील कामथडी हे गाव आहे. कामथडीहून पुण्याला जायचे असेल, तर एसटीचे तिकीट पुरते. 'तुम्ही कोण? कशासाठी आलात? किती दिवस राहणार?' असे वाटेत कोणी विचारत नाही. परदेशाच्या दारात मात्र हे तीन प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे नुसती तोंडी चालत नाहीत, ती कागदावर लागतात.

समजा, तुम्ही कामथडीत राहता. तुमच्या भाईजानना दुबईत नोकरी मिळणार आहे. घरात सर्वांना आनंद झाला आहे. अम्मी सामान बांधत आहेत. चला, आपण भाईजानचे कागद वाचून पाहू.

'तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पासपोर्ट. मराठीत त्याला पारपत्र म्हणतात. भारत सरकार तो १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार देते. मोठ्या माणसांच्या पासपोर्टची मुदत १० वर्षांची असते. प्रवासाच्या वेळी निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी, असा अनेक देशांचा नियम आहे. नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी हवी. एका दाखल्यावर 'मोहम्मद' आणि दुसऱ्यावर नुसते 'मोहं.' असेल, तर अडचण येते. म्हणून शाळेच्या दाखल्यावरील तुमचे नावही आजच तपासून घ्या.

'कशासाठी आलात?' आणि 'किती दिवस राहणार?' या दोन प्रश्नांचे उत्तर म्हणजे व्हिसा, अर्थात प्रवेशाचा परवाना. तो ज्या देशात जायचे, तो देश देतो. पाहुण्याचा व्हिसा वेगळा आणि नोकरीचा वेगळा. काही दलाल सांगतात, "आता पर्यटक म्हणून जा, काम तिथे गेल्यावर मिळेल." या बोलण्याला भुलू नका. पर्यटक व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. अशा कामगाराचा पगार बुडाला, तर तक्रार करायलाही तो घाबरतो. कर्ज काढून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून भाईजानच्या व्हिसावर कोणते कारण लिहिले आहे, ते आधी वाचा.

भाईजान दहावी उत्तीर्ण आहेत का? हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दहावी न झालेल्या व्यक्तीला नोकरीसाठी आखाती देशांत जाताना, १९८३ च्या कायद्यानुसार, साधारणपणे भारत सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. दलालाकडे सरकारी परवाना आहे की नाही, हेही पाहावे. त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा सरकारने ३०,००० रुपये आणि त्यावरील कर अशी ठरवली आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

आता अम्मींनी बांधलेले सामान पाहू. मसाल्याच्या पुडीत खसखस आहे का? असेल तर ती काढून ठेवा. आपल्या स्वयंपाकघरात खसखस नेहमीची आहे, पण ती अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे दुबईत नेण्यास बंदी आहे. ती बाळगल्याबद्दल तुरुंगात जाण्याची वेळ येऊ शकते. काही वेदनाशामक औषधांवरही तिथे कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि औषध चालते की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. दुसऱ्याने दिलेली बंद पुडी तर कधीच नेऊ नये.

दुबईत दिरहम हे चलन चालते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. अडचण आली, तर दुबईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे आणि अबुधाबीत राजदूतावास आहे. त्यांचे पत्ते भाईजानच्या खिशात असावेत. पासपोर्ट आणि व्हिसाच्या छायाप्रती घरीही ठेवाव्यात.

मित्रांनो, अर्ज, मुदत, परवाना, दाखला हे शब्द तुम्ही उर्दूतही ऐकता. मराठीत ते परके नाहीत. ते वाचता येतात, मग कागद वाचायला भीती कशाची? न वाचता सही करू नका आणि घरातल्या कोणालाही करू देऊ नका.

शब्दार्थ
दलाल – मध्यस्थ
निर्बंध – बंधन, मनाई
छायाप्रत – झेरॉक्स
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे

स्वाध्याय
१. परदेशाच्या दारात कोणते तीन प्रश्न विचारले जातात?
२. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी का जाऊ नये?
३. दुबईला जाताना खसखस का नेऊ नये?
४. परदेशी निघालेल्या नातेवाइकाला सूचना देणारे पत्र लिहा.