काचेच्या टाकीचे ओझे

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी रंगीत मासे आहेत? वर्गात हा प्रश्न विचारला की बरेच हात वर होतात. कुणाकडे बरणीत एकच मासा असतो, कुणाकडे गोल भांड्यात दोन-तीन. बरणी कुठेही ठेवली तरी चालते. पण टाकी मोठी असेल तर?

आमच्या शाळेतील नववीचा एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. तो आनंदात होता आणि थोडा काळजीतही होता. तो म्हणाला, "सर, अब्बूंनी चार फुटी टाकीसाठी बयाणा दिला आहे. अम्मी म्हणते, आपल्या घराला एवढे वजन पेलणार नाही. अब्बू म्हणतात, लोखंडी कपाट पेलते, फ्रिज पेलतो, मग काचेची पेटी का पेलणार नाही? सर, बरोबर कोण?"

हा मुलगा भिवंडीत एका चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी भाषेचा शिक्षक. इमारतीविषयी मला काय ठाऊक? पण गुणाकार आम्हा दोघांनाही येत होता. आम्ही खडू घेतला आणि फळ्यापाशी गेलो.

टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच होती. ती काठोकाठ भरत नाहीत. समजा, ४० सेंटिमीटरपर्यंत भरली. तळाशी ५ सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर ३५ सेंटिमीटर पाणी. १२०, ४५ आणि ३५ यांचा गुणाकार १,८९,००० घन सेंटिमीटर, म्हणजे १८९ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. खडीच्या फटींतही दहा-अकरा लिटर पाणी मुरते. म्हणजे नुसते पाणीच २०० किलो झाले! खडीचे सुमारे ४० किलो. काच एक सेंटिमीटर जाडीची असेल, तर काचेचे जवळजवळ ५० किलो. लोखंडी घोडीचे २५ किलो धरले. एकूण ३१५ किलो झाले. माशांचे वजन मी धरलेच नाही, याचे त्या मुलाला वाईट वाटले. पण दहा-बारा लहान मासे या हिशेबात कुठेच दिसणार नाहीत.

आता अब्बूंचे म्हणणे पाहा. फ्रिज पन्नास-साठ किलोचा असतो. कपड्यांनी भरलेले लोखंडी कपाट सव्वाशे-दीडशे किलोचे. टाकी या दोघांच्या बेरजेहूनही जड आहे. मग अब्बूंच्या हे लक्षात का आले नाही? कारण दुकानातून टाकी येते तेव्हा ती रिकामी असते. दोन माणसे ती जिन्यावरून सहज वर नेतात. खरे ओझे नंतर येते, आणि ते बादलीने येते. दहा लिटरच्या वीस बादल्या ओतताना कुणालाही वाटत नाही की आपण घरात २०० किलोचे सामान आणले.

एवढ्यावर थांबलो असतो, तर 'अम्मी बरोबर' असे म्हणून मोकळे झालो असतो. पण मुलाने दुसरा प्रश्न विचारला, "सर, घराची जमीन किती वजन पेलते?" त्यासाठी मी माझ्या एका इंजिनिअर मित्राला विचारले. त्याने सांगितले, की १९८७ च्या भारतीय मानकानुसार राहत्या घरातील खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून हिशेब केलेला असतो. आम्ही पुन्हा फळ्याकडे वळलो. टाकीखालची जागा ०.५४ चौरस मीटर. ३१५ ला ०.५४ ने भागले तर उत्तर आले ५८३. मुलाचा चेहरा उतरला. जवळजवळ तिप्पट!

मित्राला पुन्हा फोन केला, तेव्हा तो हसला. तो म्हणाला, "तुम्ही टाकीखालच्याच तुकड्याचा हिशेब केला. स्लॅब एकसंध असतो. एका जागी ओझे आले, की तो ते आजूबाजूला वाटून बीमकडे देतो." तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीचा स्लॅब एकूण १,८०० किलो धरून बांधलेला असतो. त्या मानाने ३१५ हा आकडा लहान आहे. म्हणून चांगल्या स्थितीतील आर.सी.सी. इमारतीत अशी टाकी बहुधा चालते. मात्र खोलीत टाकी एकटी नसते. तिथे पलंग असतो, कपाट असते, ईदच्या दिवशी पंधरा पाहुणेही असतात. शिवाय पाहुणे संध्याकाळी घरी जातात, टाकी रात्रंदिवस तिथेच राहते. सतत पडणाऱ्या ओझ्याखाली लाकूड आणि काँक्रीट दोन्ही अगदी हळूहळू वाकत जातात.

टाकी कुठे ठेवता, हेही पाहावे लागते. एक प्रयोग करा. पाण्याने अर्धी भरलेली बादली छातीजवळ धरा. मग तीच बादली हात पुढे लांब करून धरा. पाणी तेवढेच आहे, पण दहा अंक मोजेपर्यंत हात थरथरू लागतो. ओझे आधारापासून जितके दूर, तितका ताण जास्त. खोलीच्या मध्यभागी ठेवलेली टाकी स्लॅबला जास्त वाकवते. बीमच्या भिंतीलगत ठेवलेली कमी. आणि गॅलरी? ती एकाच बाजूने इमारतीला धरलेली असते, अगदी तुमच्या लांब केलेल्या हातासारखी. पुष्कळ घरांत गॅलरी बंद करून तिची खोली करतात, मग ती गॅलरी आहे हेच आपण विसरतो. तिथे मोठी टाकी कधीही ठेवू नये.

लाकडी तुळयांच्या इमारतीत गोष्ट वेगळी असते. मुंबईत डोंगरी, नागपाडा, भायखळा या भागांत अशा जुन्या इमारती अजून आहेत. तिथे तुळया समांतर असतात आणि त्यांच्यावर फळ्या. टाकी तुळईच्या दिशेने ठेवली तर सगळे ओझे एक-दोन तुळयांवर येते. आडवी ठेवली तर तीन-चार तुळया ते वाटून घेतात. परंतु तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओल आणि वाळवीमुळे कुजलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा घरात मी तरी मोठी टाकी ठेवली नसती.

आता आपल्या मुलाकडे येऊ. मित्राने त्याला एकच काम सांगितले होते : "तुझी जमीन वरून पाहू नकोस. खाली जा आणि वर पाहा." आपली जमीन म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत, हे आपल्या लक्षातच येत नाही. मुलगा दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथे एक म्हातारी बाई राहतात, सगळी मुले त्यांना नानी म्हणतात. नानींच्या पलंगावर एक प्लास्टिकचा कागद ताणून बांधला होता. "वरून माती पडते बेटा," त्या म्हणाल्या. छताला ओलीचा पिवळा डाग होता. एका ठिकाणी गिलावा निघून गंजलेली सळई दिसत होती. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून फोडते. आणि ती जागा बरोबर तिथेच होती, जिथे वरच्या मजल्यावर अब्बू टाकी ठेवणार होते.

त्या संध्याकाळी मुलाने अब्बूंना हिशेब दाखवला नाही, नुसते हात धरून खाली नेले. ते छताकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी नानींना विचारले, "हे कधीपासून आहे?" नानी म्हणाल्या, "दोन पावसाळे झाले. तुमच्या मोरीतून गळते. सांगायला बरे वाटत नव्हते."

मोरीची दुरुस्ती आधी झाली. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. त्या इमारतीत ती झालीच नव्हती. रहिवाशांनी आता वर्गणी गोळा करून तपासणीसाठी अभियंता बोलावला आहे. दुकानदाराने बयाणा परत केला नाही, पण त्या पैशांत दोन फुटी टाकी दिली. ती ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. ती नानींच्या छतापासून दूर, दुसऱ्या खोलीत भिंतीलगत ठेवली आहे. घोडीच्या पायांखाली जाड फळी आहे, नाहीतर चार लहान पायांवर सगळे ओझे येऊन लादी फुटते. टाकीखाली थर्माकोल आहे. टाकी अर्धी भरून मुलाने एक दिवस वाट पाहिली आणि पाण्याची उंची दोन्ही टोकांना पट्टीने मोजली. एका टोकाला ती चार मिलिमीटर जास्त होती. टाकी रिकामी करून फळीखाली पातळ चिप सारली आणि पुन्हा भरली.

नानी रोज दुपारी मासे पाहायला वर येतात. जिना चढताना त्यांना दम लागतो, पण त्या येतात.

स्वाध्याय

१. दोन फुटी टाकीत २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर पाण्याचे वजन किती होईल?
२. अब्बूंना टाकीच्या वजनाचा अंदाज का आला नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. वजन, मजला, जमीन, इमारत, फरशी, बयाणा हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. त्यांची उर्दूतील रूपे लिहा. उच्चारात कोठे फरक पडला, ते सांगा.
४. तुमच्या घराखाली कोणी राहत असेल, तर त्यांच्या परवानगीने त्यांचे छत पाहा आणि काय दिसले ते मराठीत लिहा.