कागदावरचे सूर

सोलापुरी चादरीवर जे मोर आणि ज्या वेलबुट्ट्या आपण पाहतो, त्या मागावर येण्यापूर्वी कागदावर उतरलेल्या असतात. बारीक चौकटींच्या कागदावर नक्षी आखली जाते, तिच्या बरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात आणि ते पत्ते जॅकार्डच्या मागावर चढवतात. जेथे भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. नक्षी काढणारा कारागीर उद्या हयात नसला, तरी त्याचा मोर पुन्हा विणता येतो.

गाण्याचे मात्र आपल्याकडे दीर्घकाळ असे नव्हते. चीज गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जाई. योग्य शिष्य न लाभला, तर ती गुरूबरोबरच नाहीशी होई. घराण्याची ठेव परक्याच्या हाती पडू नये म्हणून कित्येक गवई ती जिवापाड लपवीत. मुंबईत १८६० साली जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. पण ही हानी त्यांना सोसवली नाही. ठिकठिकाणच्या गवयांकडून त्यांनी चिजा मिळवल्या, स्वरलिपीत लिहून काढल्या, आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या छापून निघाल्या. त्याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही आपली निराळी लिपी सिद्ध केली होती.

भातखंड्यांची लिपी पेटीपाशी बसून थोड्या वेळात उमगते. मध्य सप्तकातील स्वराला खूण नसते. मंद्र स्वराच्या खाली टिंब, तार स्वराच्या वर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. स्वरापुढे आडवी रेघ आली, तर तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवावयाचा. समेखाली गुणाकाराचे चिन्ह, खालीखाली शून्य. ही ओळ पाहा :

सा – रे ग | प – – ग
×          ०

आठ मात्रा मोजा. सा दोन मात्रा, रे आणि ग एकेक, प तीन, शेवटचा ग एक. नवशिका चुकतो तो बहुधा स्वरात नव्हे, रेघेत. त्याला थांबणे जमत नाही!

सा कोठे धरावा, हे या लिपीत सांगितलेले नसते. पांढरी एक धरा अथवा काळी एक. ओळ तीच राहते. पियानोची पाश्चात्त्य लिपी येथे अगदी निराळी वागते. तिच्या पाच आडव्या रेघा आणि त्यांमधील जागा म्हणजे एक जिनाच होय. प्रत्येक पायरीवर एक पांढरी पट्टी ठरलेली. उजव्या हातासाठी लिहिलेल्या रेघांच्या खाली एक आखूड रेघ जोडतात, तिच्यावर पियानोच्या मध्यावरील पांढरी एक बसते. सा काळी एकवर नेला, की सगळे पुन्हा लिहावे लागते. काळ मात्र ठिपक्याच्या रूपावरून कळतो : सामान्यतः पोकळ ठिपका चार मात्रांचा, त्याला दांडी जोडली की दोन मात्रांचा, आणि आतून भरून काळा केला की एका मात्रेचा.

गिटारवादकही हीच लिपी वाचतो. पण त्याची अडचण वेगळीच. पियानोवर एक स्वर एकाच ठिकाणी असतो. गिटारची पहिली तार मोकळी छेडली असता जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या आणि तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावरही सापडतो. म्हणून गिटारसाठी सहा तारांच्या सहा रेघा आखून त्यांवर पडद्यांचे आकडे मांडण्याचीही रीत आहे.

भातखंड्यांच्या पुस्तकांत दोन स्वरांवर कधी कमान दिसते, ती मींड. पेटीवर मींड निघत नाही, गिटारची तार बोटाने ताणून थोडीफार निघते. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर किती सावकाश उतरावे, वाटेत कोठे किंचित रेंगाळावे, हे त्या कमानीत लिहिलेले नसते. तेवढ्यासाठी पुस्तक मांडीवर घेतलेला विद्यार्थी आजही गुरूसमोर जाऊन बसतो.