टीव्ही बदलण्याआधी दिवाण सरकवून बघ

येरमाळा,
पाडव्याच्या आधीचा रविवार

चि. अमोल यास,


तुझा मेसेज वाचला. पाडव्याला घरी ५५ इंची फोर-के टीव्ही पाठवायचा, हप्ते तू भरणार, जुना ३२ इंची एक्स्चेंजमध्ये द्यायचा आणि दाजींना आधी पत्ता लागू द्यायचा नाही, इतकं सगळं तू चाकणला बसून ठरवून टाकलंस. मला विचारलंस ते फक्त एवढंच, की कुठल्या कंपनीचा घेऊ. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र. टीव्ही दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, तेव्हा थोडं लांबलं तरी वाचून काढ.

आईवडिलांसाठी काही घ्यावं वाटतं हे चांगलंच आहे. पण घरात तक्रार नेमकी काय आहे, हे तू विचारलं होतंस का? मी परवा मुद्दाम जाऊन विचारलं. दाजी म्हणाले, “काय बोलतेत ते कळंना झालंय.” अक्का म्हणाली, “चित्र पिवळं पिवळं दिसतंय, अन् खालची अक्षरं काय लागंनात.” म्हणजे एकाला आवाजाचा त्रास, दुसरीला रंगाचा आणि अक्षरांचा. या तिन्हीत फोर-केचा काही संबंध येत नाही. टीव्हीत बिघाडही नाही. मागचं झाकण काढून धूळ झटकली, सप्लायच्या बोर्डावरचे कपॅसिटर बघितले. एकही फुगलेला नाही. पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या सगळ्या लागतात, कोपऱ्यात कुठं काळोख नाही, पॅनलवर रेघ नाही. २०१३ चा माल आहे, पण अजून टणक आहे.

मग मी टेप लावली. टीव्ही देवघराच्या भिंतीला आणि दिवाण पार दाराजवळ. मधे अंतर बारा फूट. इथंच सगळी गोम आहे, आणि दुकानदार ती तुला सांगणार नाही.

चांगल्या नजरेलाही एका मर्यादेपलीकडे बारीक दिसत नाही. ती मर्यादा म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. बारा फुटांवर त्याचा हिशेब जवळपास एक मिलिमीटर होतो. त्याहून बारीक ठिपके असले तर डोळा ते एकमेकांत मिसळून टाकतो. ५५ इंचीवर फुल एचडीचा ठिपका असतो साधारण ०.६ मिलिमीटरचा आणि फोर-केचा ०.३ चा. दोन्ही एक मिलिमीटरच्या आतले. म्हणजे दारापाशी बसलेल्या माणसाला या दोन पडद्यांत फोडणीपुरताही फरक कळणार नाही. फोर-केचे ८३ लाख ठिपके खरेच असतात, खोटं कोणी बोलत नाही. पण ते बघायला ५५ इंचीच्या समोर साडेतीन फुटांच्या आत बसावं लागतं. शोरूममध्ये तू तसाच, हाताच्या अंतरावर उभा राहून बघितलास.

आता गंमत बघ. अक्काच्या खोलीची रुंदी दहा फूट आहे. टीव्ही लांबीच्या भिंतीवर घेतला आणि दिवाण समोरच्या भिंतीला लावला, तर बसणाऱ्याचे डोळे आणि पडदा यांत सात फूट राहतात. सात फुटांवरचा ३२ इंची आणि बारा फुटांवरचा ५५ इंची डोळ्याला सारखाच मोठा दिसतो. गुणाकार-भागाकार तूच करून बघ, इंजिनिअर आहेस. ज्या मोठेपणासाठी तू चाळीस-बेचाळीस हजार घालायला निघालास, तो दोन माणसांनी दिवाण उचलला की मिळतो. जवळून टीव्ही बघितला की डोळे जातात असं अक्का म्हणेल. तिला सांग, डोळे शिणतात, जात नाहीत. आणि सात फूट म्हणजे काही जवळ नव्हे.

मात्र जवळ आलं की चित्रातली खोट उघडी पडते. म्हणून पुढची गोष्ट सिग्नलची. तुमचा डिशचा बॉक्स अजून जुना एसडी आहे, आणि तो टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलाय. त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र येतच नाही, मागचा बॉक्स कितीही भारी असो. एसडी चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके. तुमच्या टीव्हीवर जागा आहे साडेदहा लाखांची. ते चार लाख ताणून तिथं बसवलेले असतात. तेच उद्या ८३ लाखांच्या पडद्यावर ताणायचे म्हणजे काय दिसेल? गावात मी हे पुष्कळ घरांत बघतो. नवा मोठा टीव्ही, खाली तीच जुनी डबी, आणि घरधनी विचारतो की पहिल्यापेक्षा वाईट का दिसतंय. दूरदर्शनची फ्री डिश असलेल्या घरांत तर हे हमखास, कारण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. फुकट आहे, उत्तम आहे, पण तिच्यासाठी कोणी फोर-के घेऊ नये.

खरं सांगायचं तर तुमच्या टीव्हीने त्याचं स्वतःचं पूर्ण काम कधी केलंच नाही. दाजींनी तो घेतला २०१३ ला. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या सुरू झाल्या २०१६ ला. तोवर अक्काच्या मालिकांसाठी एचडी नव्हतंच, आणि आलं तेव्हा आपला बॉक्स जुना राहिला. इतकी वर्षं तो बिचारा अर्ध्या पगारावर काम करतोय. एचडी बॉक्स बदलून घे, एचडीएमआय वायरने जोड, आणि अक्का बघते त्या दोन-तीन वाहिन्याच एचडीत घे. २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात, सगळा गठ्ठा घ्यायची सक्ती नाही. आणि हो, पडद्याचा आकार कोणीतरी ताणलेल्या मोडवर ठेवलाय, सगळे नट गालफुगे दिसत होते. ते मी तिथल्या तिथं नीट केलं. दाजी म्हणाले, ही पोरगी बारीक कशी झाली?

आवाजाचं दाजींचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. हाताच्या पंजाएवढे दोन स्पीकर, तेही खाली नाहीतर मागं तोंड करून. आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यात पार्श्वसंगीत बोलण्यावर चढतं. जुन्या पेटीच्या टीव्हीत स्पीकर समोर असायचा, म्हणून त्यांना तेव्हाचं बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. नवा ५५ इंची आणखी चपटा असेल, आणि दाजींची तक्रार जशीच्या तशी राहील. साधा साउंडबार लाव, त्यांच्या कानाच्या रेषेत. नाहीतर माळ्यावर तुझ्या कॉलेजातल्या होम थिएटरचे स्पीकर आहेत, ते मी ऑडिओच्या पिनेवर जोडून देतो, खर्च शून्य. वर कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायला काय हरकत आहे? आवाज साठावर ठेवून बसतात, शेजारच्यांना मालिका तोंडपाठ झाली.

अक्काची पिवळ्या रंगाची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. पडदा पिवळा नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पांढरा कागद शेजारी धरून बघितला. तिला मी दाराबाहेरचा चुना दिलेला कट्टा दाखवला, तोही तिला मळकट दिसला. या वयात असं असलं म्हणजे मोतीबिंदूची शंका येते. भिंग पिवळट होत जातं आणि माणसाला वाटतं जगच जुनं झालं. मी काही डॉक्टर नाही. पण शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि फोर-केच्या पहिल्या हप्त्याआधी ती तपासणी व्हायला पाहिजे. बार्शीला ने किंवा धाराशिवला, पण तूच ने. माझं ती ऐकत नाही, मी तिला अजून धाकटाच आहे.

आता तू म्हणशील, मामा जुन्यालाच चिकटून बसलाय. तसं नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं तेव्हापासून टीव्हीत जे मोठे बदल झाले, ते बघणाऱ्याला सांगावे लागले नाहीत. १९८२ ला रंग आला, तो लांबून दिसला. पेटी जाऊन चपटा पडदा आला, तोही दिसला. एचडी आलं, क्रिकेटचा चेंडू दिसायला लागला. ज्या बदलासाठी जाहिरातीत भिंग लावून दाखवावं लागतं, त्याची घाई नको, इतकंच माझं म्हणणं. उद्या पॅनलवर उभ्या रेघा आल्या तर मीच तुला सांगेन की आता सोड, कारण पॅनल बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. पण आवाज येतोय आणि पडदा काळा, असं झालं तर घाबरून भंगारात देऊ नका. अंधार करून पडद्यावर बॅटरी मारायची. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर फक्त पट्ट्या गेल्यात, थोडक्यात काम होतं. आणि ‘यात इंटरनेट चालत नाही’ हे कारण तर धरूच नकोस. मागं एचडीएमआयचं भोक आहे, त्यात स्टिक लावली की झाला स्मार्ट. उलट टीव्हीतलंच स्मार्टपण लवकर म्हातारं होतं. अॅप पुढं जातात, टीव्ही मागं राहतो. स्टिक बदलता येते.

त्यातून इंटरनेटवरचं फोर-के बघायला तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. घरी दाजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दोन जीबी. मालिकेतली सासू घरात शिरेपर्यंत डेटा संपेल.

एवढं करूनही, आणि डोळे तपासून झाल्यावरही, अक्षरं लागत नाहीत असं अक्का म्हणाली, तर नवा घेऊ. पण ४३ इंची. सात फुटांना तो पुरून उरतो. आता त्या मापात फोर-केच जास्त मिळतात, मिळाला तर घे, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस. कंपनी विचारलीस म्हणून सांगतो: जिचा माणूस कळंब-बार्शीहून दोन दिवसांत येतो ती कंपनी. आपल्याकडे एके काळी घरोघर व्हिडिओकॉन होता, संभाजीनगरजवळच्या चितेगावला कारखाना, घरचीच कंपनी वाटायची. २०१८ ला ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ. दुकानात पडदा भडक मोडवर ठेवलेला असतो, तो साध्या मोडवर घ्यायला लाव. मग खाली बस. हो, शोरूमच्या फरशीवर मांडी घालून बस. आपल्याकडे जेवताना सगळे सतरंजीवर असतात आणि टीव्ही भिंतीवर वर टांगलेला. काही पॅनल खालून आणि बाजूने बघितले की काळं राखाडी होतं, चेहरे फिके पडतात. दुकानदार हसेल, हसू दे.

पाडव्याची सूट म्हणून जे सांगतील तेही तपास. ३२ इंचीपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला. म्हणजे शंभर रुपयांचा माल आधी १२८ ला पडायचा, तो ११८ ला पडायला हवा. ती सरकारची सूट आहे, ती स्वतःची म्हणून कोणी तुझ्या गळ्यात मारू नये. बिनव्याजी हप्त्याला प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतला तर किती कमी करता, हे दोन प्रश्न एका दमात विचार. उत्तर यायला जो वेळ लागेल त्यावरून व्याज कुठं लपवलंय ते कळेल. गेल्या सप्टेंबरच्या पावसानं दाजींचं सोयाबीन पाण्यात गेलं, ते तुझ्याकडे मागणार नाहीत, पण खताला पैसे लागणार आहेत. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे हे मलाही ठाऊक आहे. त्या दिवशी घरात काही यायलाच हवं असेल तर स्टॅबिलायझर घे. लाइट कमी-जास्त होऊन आणि अवकाळीत डिशच्या छत्रीच्या वायरीतून वीज उतरून जेवढे टीव्ही माझ्या टेबलावर येतात, तेवढे वयानं म्हातारे होऊन येत नाहीत. आभाळ गडगडलं की पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढायची, हे दाजींना फोनवर तूच सांग.

पाडव्यानंतर पंधरा दिवसांत येडाई देवीची यात्रा आहे. चैत्री पौर्णिमेला तू येशीलच, दुसऱ्या दिवशी आमराईत चुनखडी वेचायलाही थांब. त्याला जोडून आणखी दोन दिवस रजा टाक. एक दिवस अक्काच्या डोळ्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीत नवे खिळे ठोकू, ड्रिल माझ्याकडे आहे. येताना तीन मीटरची एचडीएमआय वायर आण, दीड मीटरची पुरत नाही, बॉक्सची फळी लांब पडते. एचडी बॉक्ससाठी कंपनीला फोन तू आजच लाव. त्यांचा माणूस यात्रेच्या गर्दीत येत नसतो.

तुझा,
मामा