वाडीत बसून काम केल्याने फायदा होतो का?

प्रश्न : आमचा मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम गावातूनच करतो. घरामागच्या वाडीत आंब्याखाली टिनाची खोली बांधून तिथे बसायचे म्हणतो. यात तथ्य आहे की नुसती हौस?
— एक वाचक, आमगाव

उत्तर : तथ्य आहे. बांधू द्या त्याला खोली, फक्त टिनाची नको.

मोठा फायदा उजेडाचा. ट्यूबलाइटच्या खोलीत मेजावर जेमतेम दोन-चारशे लक्स उजेड पडतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांच्या घरात असतो. सकाळी असा उजेड डोळ्यांना मिळाला की दिवसभर तरतरी राहते, रात्री झोपही वेळेवर लागते. पडद्यावरून नजर काढून लांबच्या बांधाकडे पाहिले की डोळ्यांचे ताणलेले स्नायू सैल होतात.

नुसते झाड दिसण्यानेही फरक पडतो. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात घरून काम करणे कुठे नवीन आहे? बिडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर सूप घेऊन पडवीत बसत आल्या. भिजवलेले तेंदूपान मापाला कापायचे, जर्दा भरून वळायचे, दोरा बांधायचा; याला उजेड लागतोच. शिवाय घरात तंबाखूची धूळ कोंडते. त्यांच्या कष्टाला मोल फार थोडे मिळाले, हे मात्र विसरता येत नाही.

आता टिनाचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात टिन तापून खाली बसवत नाही, आणि पावसाळ्यात सरी आल्या की फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही. त्यापेक्षा बांबूच्या सांगाड्यावर कवेलू घाला. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मोठी खिडकी उत्तरेला ठेवा, म्हणजे उजेड मिळेल पण ऊन अंगावर येणार नाही. संगणकाचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवला की चकाकत नाही. आंब्याची सावली पश्चिमेकडून मिळाली तर दुपार सुसह्य होते.

जोते हातभर उंच घ्या, दाराखालची फट बुजवा. धानाच्या बांध्या जवळ असल्या की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. खिडक्यांना डासांची जाळी लावा. वीज घरातून ओढताना उघडी वायर झाडावरून नेऊ नका, पाइपातून न्या आणि अर्थिंग करून घ्या.

एवढे करूनही मे महिन्यातली भर दुपार त्याने घरातच काढावी.