न येणाऱ्याची वाट

ठाणे

चि. ओंकार,

तुझा मजकूर आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. आजोबांच्या जुन्या संगणकावर डेबियन घातलंस, शेजारी आणखी एक लिनक्स घालून बघितलंस, छान केलंस. आता म्हणतोस की डेबियन सुरू व्हायला पावणेतीन मिनिटं लागतात, दुकानदार एसएसडी टाका म्हणतो, आणि तू बाबांकडे पैसे मागायच्या बेतात आहेस. जरा दम धर. मला तरी यात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी दिसतोय.

यंत्र राबतंय म्हणून उशीर होतोय की नुसतं वाट बघतंय म्हणून, हे आधी ठरव. त्याला काही विद्या लागत नाही. सुरू होताना डब्यावरचा डिस्कचा दिवा बघत बस. तो सारखा लुकलुकत असेल तर डिस्क खरंच कामात आहे. मिनिटभर विझलेलाच राहिला तर आत काहीही चाललेलं नाही, कुणाची तरी वाट बघणं चाललंय. तुझ्या फोटोतली ओळ तेच सांगते: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर', पुढे लांबलचक यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या भागाचा ओळख-क्रमांक, आणि कंसात 1 मिनिट 30 सेकंदांची मुदत. ही 90 सेकंदं सिस्टमडीची ठरलेली मुदत आहे. एखादं उपकरण हजर झालं नाही तर तो तेवढा वेळ थांबतो आणि मग नाद सोडतो.

आता थांबतो का, ते समजून घे. कर्नल पीसीआय, साटा, यूएसबी असे सगळे मार्ग तपासतो आणि जे सापडेल त्याची वर्दी यूडेव्हला देतो. यूडेव्ह त्या उपकरणाचा ड्रायव्हर चढवायला लावतो आणि डिस्कच्या प्रत्येक भागाला त्याच्या यूयूआयडीनुसार नाव देतो. हे 2003 पासूनचं, ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सुरू केलेलं काम. 2012 मध्ये ते सिस्टमडीत सामील झालं. पूर्वी रेड हॅटवर कुडझू नावाचा प्रोग्रॅम दर वेळी जुनी यादी घेऊन हजेरी लावायचा. आता तशी हजेरी नाही, कारण कोणतं उपकरण कधी येईल याला क्रमच उरलेला नाही. यूएसबीवरची डिस्क चार सेकंदांनीही जागी होते. 'आता सगळे आले' असं म्हणायचा क्षणच येत नाही. म्हणून ज्याचं नाव यादीत लिहिलंय, त्याच्यासाठी पंगत खोळंबते. पाहुणा गाव सोडून गेला असला तरी.

तुझा पाहुणा कोण, ते आकडेच सांगतात. 'सिस्टमडी-ॲनालाइझ'ने तुला कर्नल 35 सेकंद आणि यूजरस्पेस 2 मिनिटं 8 सेकंद असं दाखवलं. त्यावरून कर्नलच मंद आहे असा निष्कर्ष तू काढलास. तसं नाही. डेबियनचा इनिट्रॅमएफएस, म्हणजे मूळ विभाजन चढेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था, स्वतः सिस्टमडी चालवत नाही, त्यामुळे तिथे गेलेला वेळही कर्नलच्याच खाती पडतो. तू पाठवलेल्या डीमेसेजच्या नोंदीत डावीकडचे आकडे वाच: 3.9 सेकंदांनंतरची पुढची ओळ थेट 34.2 ला, मूळ विभाजन चढवल्याची. मधली 30 सेकंदं कोरी. तेवढ्या वेळात पडद्यावर 'वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' येऊन जातं, म्हणजे स्वॅपचा शोध. आणि पुढच्या 90 सेकंदांतही तोच शोध, या वेळी एफएसटॅब या यादीतल्या ओळीवरून.

दोन्हीचं मूळ एकच. दुसरं लिनक्स घालताना त्याच्या इन्स्टॉलरने तोच स्वॅपचा भाग पुन्हा फॉरमॅट केला, त्याला नवा यूयूआयडी मिळाला, आणि डेबियन अजून जुनाच क्रमांक घेऊन बसलाय. 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम'च्या यादीत हे नाव तुला सापडलं नाही यात तुझी चूक नाही. ती यादी सुरू झालेल्यांची असते. जे आलंच नाही ते तिच्यात कसं दिसणार? अशा वेळी 'जर्नलसीटीएल -बी' चालवून 'टाइम्ड आउट' शोधायचं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. 'एलएसबीएलके -एफ'ने स्वॅपचा आजचा यूयूआयडी बघ. एफएसटॅबची आधी एक प्रत काढून ठेव, मग त्यातला जुना क्रमांक बदल. तोच बदल 'इनिट्रॅमएफएस-टूल्स'च्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या 'रिझ्यूम' फाइलीत कर, आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' विसरू नकोस. ते राहिलं तर पहिली 30 सेकंदं जशीच्या तशी राहतील. लाइव्ह यूएसबी हाताशी असू दे.

एफएसटॅब उघडशील तेव्हा आजोबांच्या फोटोंच्या एक्स्टर्नल डिस्कची ओळही बघ. तिला 'नोफेल' जोड, आणि 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट' 5 सेकंदांवर आण. नाहीतर ज्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल त्या दिवशी 90 सेकंद थांबून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जाईल, आणि आजोबा तुला रात्री अकराला फोन करतील.

कॉलेजच्या लॅबमधल्या यंत्रांचंही विचारलं होतंस. तिथे 'एफडी0'वर आयओ एररच्या ओळी येत असतील तर बायोसमध्ये जाऊन फ्लॉपी बंद कर. फ्लॉपी नसलेल्या यंत्रांतही कधीकधी ती चालू म्हणून नोंदलेली असते, आणि कर्नल भाबडेपणाने तिचं दार ठोठावत राहतो. 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट' असं कर्नल नम्रपणे सांगू लागला, तर सीडी ड्राइव्हची किंवा डिस्कची साटा केबल काढून घट्ट बसव, नाही जमलं तर बदल. कधीकधी तो ड्राइव्हच मेलेला असतो. मग सरळ उपटून ठेव.

एक मात्र करू नकोस. इंटरनेटवर कुणीतरी सांगतं म्हणून सगळ्याच मुदती 5 सेकंदांवर आणू नकोस, आणि 'यूडेव्ह-सेटल' डोळे झाकून बंद करू नकोस. ती सेवा वापरू नये असं तिच्या मॅन पानावरच लिहिलंय, हे खरं. पण काही ठिकाणी झेडएफएस किंवा मल्टिपाथ अजून तिच्यावर टेकून असतात. मी ज्या सर्व्हरांवर नोकरी केली तिथे रेड (RAID) कार्डच मिनिटभर डिस्का मोजत बसायचं, आणि ते थांबणं योग्यच होतं. 'सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन' बघून कोण कुणासाठी अडलंय ते आधी कळू दे.

इतकं झालं की दोन मिनिटं कमी होऊन पाऊण मिनिटाच्या आसपास येशील. तो उरलेला वेळ मात्र खरोखर जुन्या हार्डडिस्कचा आहे. तेव्हा एसएसडी घ्यायचीच असेल तर त्यासाठी घे, मी अर्धे पैसे देईन. आधी नवे आकडे पाठव.

तुझी,
मावशी