पँट काचली, लुंगीने तारलं

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाची वाट वेगळी सांगायला नको, गाडी वरपर्यंत जाते. 1670 मध्ये शिवरायांकडे, मग आंग्रे, 1818 मध्ये इंग्रज, इतिहास झाला. वर रील काढणाऱ्यांची रांग आणि झुडपात वेफर्सची पाकिटं होती, म्हणून उतरून 'पांढरा समुद्र' नावाच्या किनाऱ्याच्या दिशेने चालत निघालो. जुलै महिना. फोटोसाठी पाण्याजवळ गेलो (शहाणपणा!) आणि लाटेने कमरेपर्यंत भिजवलं. महागाची 'क्विक ड्राय' पँट, पण खारं पाणी आणि वाळू. मिरकरवाडा बंदर येईस्तोवर मांड्या काचून चालणं फेंगडं झालं.

मासेमारी बंद असल्याने एक चाचा जाळं दुरुस्त करत बसले होते. माझी चाल बघून हसले. "पँट काढ आधी, सालटं निघतील," म्हणत दोरीवरची चौकड्याची लुंगी दिली. मी टॉवेलसारखी गुंडाळली. वीस पावलांत घसरली. मग त्यांनी शिकवलं.

लुंगी शिवलेली, नळीसारखी घ्या. डोक्यावरून घाला किंवा आत पाय टाका. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, नाहीतर नंतर ढांग पडत नाही. कापड पाठीला घट्ट बसवा आणि जास्तीचं सगळं एका बाजूला ओढा. ती घडी पोटावरून कमरेच्या दुसऱ्या बाजूपर्यंत आणा, ताण न सोडता. आता वरची किनार बाहेरच्या बाजूला दोन-तीनदा गुंडाळा. पकड त्या वळकटीची असते, गाठीची नाही. करदोटा असेल तर तो वळकटीत घ्या. चढ आला की खालची किनार उचलून कमरेला बांधा, गुडघे मोकळे. कडा चढायचा असेल तर मात्र लुंगी पाठपिशवीतच ठेवा.

दुसरी तऱ्हा ब्रह्मी. रत्नागिरीत ती आठवतेच, कारण ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता. राजवाडा मिळाला तो 1910 मध्ये. ब्रह्मदेशातले पुरुष लोंजीचं, म्हणजे तिकडच्या लुंगीचं, जास्तीचं कापड दोन्ही बाजूंना सारखं धरतात, बेंबीपाशी आणून एक पीळ देतात आणि टोक आत खोचतात. बायका सगळं कापड एका बाजूला नेऊन तिथेच खोचतात. मी राजवाड्याच्या फाटकात ब्रह्मी पीळ दिला आणि तो तिथेच सुटला. आत सुती हाफ पँट होती म्हणून लाज राहिली. तुम्हीही घाला.

लुंगी सुतीच हवी, पॉलिस्टर सरकतं. कोऱ्या लुंगीला खळ असते, ती दोनदा धुऊन मगच न्या. किनाऱ्यावर कपडे बदलायला आडोसा, एसटीत पांघरूण, दुपारी सावली, सगळं एकाच कापडात होतं. 'खरे ट्रेकर' हसतील. त्यांच्या मांड्या अजून काचल्या नसतील. नवी विकत घेऊ नका. आजोबांची जुनी, मऊ झालेली घरात असेल, तीच मागून घ्या.