तान्हे बाळ माणसे कशी ओळखते?

“तान्ह्या पोराला काय कळतंय?” हे वाक्य घरोघरी इतके ऐकू येते की त्याची शहानिशा करावी असे कुणाला वाटत नाही. मानसशास्त्रज्ञांनी ती केली. अडचण एकच होती. बाळाला प्रश्न विचारता येत नाही. मग उत्तर घ्यायचे कसे?

अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० साली त्यासाठी बाळाचे चोखणेच वापरले. जन्मून तीन दिवसही न झालेल्या दहा बाळांच्या तोंडी, दूध नसलेले रबरी निपल दिले. बाळ चोखता चोखता मधून थांबते. हा थांबा लांबला की कानाशी आईचा आवाज येई, आखूड झाला की परक्या बाईचा. काही बाळांसाठी याच्या उलट व्यवस्था होती. दहापैकी आठ बाळांनी आपले थांबे असे बदलले की आईचाच आवाज अधिक ऐकू यावा! जगात येऊन तीन दिवस न झालेल्या जिवाने हे करावे, याचे मला अजून नवल वाटते. अर्थात ओळख तीन दिवसांची नव्हतीच. पोटात असल्यापासून तो आवाज त्याने ऐकलेला असतो. बापाच्या आवाजाबाबत मात्र, १९८४ च्या प्रयोगात, नवजात बाळांनी अशी पसंती दाखवली नाही.

चेहऱ्याची ओळख अधिक कच्ची असते. फ्रान्समधील पास्कालिस व सहकाऱ्यांना १९९५ मध्ये असे दिसले की चार दिवसांचे बाळ परक्या बाईपेक्षा आईकडे अधिक वेळ पाहते. पण दोघींनी डोक्याला रुमाल बांधून केस झाकले की हा फरक उरत नाही. म्हणजे बाळ नाक-डोळ्यांपेक्षा केस आणि कपाळ यांच्या कडेवरून आई ओळखत असावे. आपल्याकडे तर बाळंतिणीचे डोके-कान पहिल्या दिवसापासून बांधलेले असतात. आपली बाळे मग कोणती खूण धरत असतील? हा प्रयोग आपल्याकडेही करून पाहण्याजोगा आहे.

पुढे नजर तयार होते, आणि गंमत म्हणजे ती अरुंदही होते. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरक कळतो, नऊ महिन्यांच्या बाळाला तो कळत नाही, असे २००२ साली दिसून आले. ज्यांच्यात राहायचे त्यांच्याच चेहऱ्यांत बाळ तरबेज होत जाते.

याच सुमारास, साधारण आठव्या महिन्यात, ते परक्याला पाहून रडू लागते. आमच्या वाडीतले कितीतरी बाप कामासाठी महिनोन् महिने बाहेर असतात. असा बाप घरी येतो, हौसेने मुलाला उचलतो आणि मूल किंचाळते. त्याचा चेहरा पडतो. मग म्हाताऱ्या माणसांचे बोलणे बसते ते आईला: “पोराला बापाची ओळख ठेवली नाहीस.” मला हा अन्याय वाटतो. तिने काही शिकवलेले नसते. मुलाची ओळखण्याची शक्ती वाढली म्हणूनच ते रडते. चार महिन्यांचे असते तर कुणाच्याही कडेवर हसत गेले असते.

अशा वेळी बापाने मुलाला एकदम उचलू नये. ते आईच्या मांडीवर असू द्यावे, आपण थोडे दूर बसून तिच्याशी बोलत राहावे. मूल आधी आईच्या तोंडाकडे पाहते, मग त्याच्याकडे, पुन्हा आईकडे. थोड्या वेळाने त्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडे हात येतो.